अप्पांच्या दातांचं भाषांतर

माझ्या वडिलांचे समोरचे दोन दात मिलिटरीनं पाडले. एवढं साधं वाक्य. चौथीचं पोरगंसुद्धा ते मराठीतून कन्नडमध्ये नेईल. मला न्यायला अकरा वर्षं लागली, आणि मी शाळेत भाषाच शिकवत होते.

आमची शाळा औराद तालुक्यात, ठाणाकुशनूरच्या बाजूला. मराठी शाळा, पण कर्नाटकातली. त्यामुळं मुलांना शिकवायचं मराठीत, वर लिहून पाठवायचं कन्नडमध्ये आणि बाजारात वांगी घ्यायची ती दखनीत. गावातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून तिन्हीपैकी कुठल्याही भाषेत शिवी द्या, तो त्याच भाषेत परत करील. अडाणी फक्त एकच माणूस असायचा, तो म्हणजे झेंडावंदनाला येणारा तालुक्याचा साहेब. हे साहेब बहुतेक म्हैसूर-मंड्याकडचे. त्यांना मराठी कळायची नाही, म्हणून स्टेजवर दुभाषी लागायचा. कन्नड बरी येते म्हणून हेडमास्तरांनी ते काम माझ्या गळ्यात बांधलं.

निजामाच्या राज्यातून हा मुलूख सुटला, त्या दिवसाचं झेंडावंदन आमच्याकडं सप्टेंबरात असतं. एका वर्षी वरून कागद आला की त्या काळात हाल सोसलेल्या एखाद्या ज्येष्ठाचा सत्कार करावा. आमच्या गावात कोठडी पाहिलेले तिघं होते. दोघं वारले होते. तिसरे माझे अप्पा, ऐंशी ओलांडलेले, तोंडात समोर भलं मोठं भगदाड. त्यांना कोंडलं कुणी आणि कशासाठी, ही चौकशी कुणी केली नाही. हेडमास्तरांना माणूस मिळाला, शाल आली, नारळ आला.

अप्पा धंद्यानं शिंपी. वीस वर्षांचे असताना ते गावातल्या एका मुसलमान शिंप्याच्या दुकानात बरोबरीनं बसायचे. दोन मशिनी, एक कात्री. त्या शिंप्याला सगळे मास्टर म्हणायचे, अप्पाही. निजामाच्या शेवटच्या वर्षात हत्यारं घेऊन गावोगाव फिरणारे वर्दीवाले होते. आमच्याकडं त्यांचं नाव घेऊन अजून पोरं झोपवतात, म्हणून मी इथं घेत नाही. ते एक दिवस खाकीचे तागे घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, चार दिवसांत चाळीस सदरे. मास्टरनं माप मागितलं. धंद्याचीच गोष्ट, मापाशिवाय शिवायचं कसं? तर त्यांनी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणाले, हे माप.

मग मास्टर कापायला बसला. आणि चाळीसच्या चाळीस सदऱ्यांचा मुंढा, म्हणजे काखेतला काप, त्यानं दोन-दोन बोटं आवळून टाकला. सदरा अंगात जायचा, गुंड्या लागायच्या, आरशात रुबाबदार दिसायचा. फक्त हात खांद्याच्या वर जायचा नाही. चावडीपुढं त्यांची परेड झाली तेव्हा चाळीस माणसांनी सलाम ठोकला तो छातीपाशीच. एकानं जोर करून बंदूक वर उचलली, तर सदरा काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटला. गाव दारं लावून आत हसत होतं. संध्याकाळी दोघा शिंप्यांना दुकानाबाहेर काढून पट्ट्यानं मारलं. मार खाता खाता मास्टर एकच म्हणत होता, ‘साब, धोए तो कपडा आटताच.’ म्हणजे, धुतलं की कापड आटणारच.

हा किस्सा अप्पा घरी हजारदा सांगायचे. सांगताना स्वतः उठून तो अर्धा सलाम करून दाखवायचे. आम्ही भावंडं जेवताना ठसका लागेपर्यंत हसायचो. पुढचं मात्र ते चार वाक्यांत उरकायचे. पोलीस ॲक्शन झालं, हिंदुस्थानची मिलिटरी आली. दुकानात खाकीचे तुकडे सापडले. दोघांना ट्रकमध्ये घालून तालुक्याच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसच्या आवारात कोंडलं. मी नवव्या दिवशी आलो, मास्टर आला नाही. एवढं बोलून ते पाणी प्यायचे.

गावानं काय लक्षात ठेवलं? तर सदरे. ते कुणी शिवले एवढंच, कसे शिवले ते नाही. मास्टरच्या बायकोनं शेतात मजुरी करून पोरं वाढवली, पण घराला नाव पडलं ते पडलंच, ‘वर्दीवाल्याचं घर’. मास्टरची नात आज चाळिशीची आहे, गावात ब्लाउज शिवते, हात सोन्याचा. पत्ता विचारा, लोक अजून सांगतात, ‘त्या वर्दीवाल्याच्या नातीकडं जावा.’ तिच्या तोंडावरही सांगतात. अप्पांना हे नाव ऐकवायचं नाही. त्यांना मरायच्या आत एकदा, सरकारी माणसासमोर, सगळ्या गावाच्या देखत, ती गोष्ट पुरती सांगायची होती. शाल-नारळाचं त्यांना काही नव्हतं. शाली ते म्हशीच्या रेडकाला पांघरायचे.

पहिल्या वर्षी अप्पा माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातच केली, ‘माजे दात मिलिटरीनं पाडले.’

शेजारी साहेब बसलेले, मागं तिरंगा, समोर पोरं छातीला झेंडे टाचून बसलेली. हेडमास्तरांनी माझ्याकडं असे डोळे वटारले की त्यात मला बदलीची, चिंचोळीकडची एखादी एकशिक्षकी शाळा स्पष्ट दिसली. मी कन्नडमध्ये म्हणाले, ‘ह्या मुलखाच्या स्वातंत्र्यासाठी माझ्या वडिलांनी आपले दात गमावले.’

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी हात वर केला, बँडवाल्या पोरांनी ढोल बडवला, हार गळ्यात पडला आणि अप्पांचं दुसरं वाक्य ढोलाखाली गेलं. खाली बसलेल्या गावाला अप्पांचं मराठी आणि माझं कन्नड, दोन्ही वाक्यं नीट कळली होती. आधी एक म्हातारी फिसकन हसली, मग तिच्या शेजारची, मग बायकांची सगळी रांग. साहेबांना वाटलं, लोक आनंदी आहेत.

घरी येताना अप्पा म्हणाले, ‘खोटं कामून सांगितलीस?’

‘अप्पा, माझी नोकरी आहे.’

‘मंग माजे दात तुज्या नोकरीत गेले म्हनायचं.’

दुसऱ्या वर्षी त्यांनी ‘मिलिटरी’ हा शब्द तीनदा म्हटला. म्हणजे कानाला चुकूच नये. मी म्हणाले, ‘मिलिटरी आल्यावर माझ्या वडिलांना फार आनंद झाला.’ ढोल. तिसऱ्या वर्षी ते तोंड उघडून साहेबांना भगदाड दाखवत म्हणाले, ‘बंदुकीच्या दस्त्यानं. मिलिटरीच्या.’ मी म्हणाले, ‘वयोमानानं त्यांना दातांचा त्रास आहे.’ त्या साहेबांनी फार आस्थेनं बीदरच्या दातांच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

आता खरं सांगते, नोकरीचं निमित्त पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं होतं. पुढं मला त्याची सवय लागली. गावालाही लागली. लोक झेंडावंदनाला येताना पैजा लावायला लागले, की औंदा बाई काय सांगतात. बाहेरगावी दिलेल्या लेकी त्या दिवसाला माहेरी यायच्या. मला आतून बरं वाटायचं की आपल्या बोलण्याला एवढी गर्दी जमते. अप्पा मात्र दरवर्षी नव्यानं तयारी करायचे. आदल्या आठवड्यात भाकरी खाताना ते मला वाक्य म्हणून दाखवायचे आणि म्हणायचे, ‘हे बग, किती सोपं हाय. चार शब्द हायत. यात काय बदलशील?’ मी त्यातही बदलायची.

एका वर्षी त्यांनी माझा काटाच काढला. म्हणाले, ‘तू बस खाली. मी कन्नडात बोलतो.’ अप्पांना कन्नड यायची, नाही असं नाही. पन्नास वर्षं कन्नड गिऱ्हाईक केलेलं. पण ती शिंप्याची कन्नड. छाती, कंबर, गळा, दंड, सैल, आवळ, आणि सगळ्यात जास्त वापरलेलं ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. यापलीकडं गाडी जात नव्हती. ऐन माइकसमोर त्यांच्या लक्षात आलं की दाताला कन्नडमध्ये काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक नाही. दाताचं माप कोण घेतं? सगळी शाळा वाट बघतेय. अप्पांनी घाम पुसला, आणि आलं तेवढ्या कन्नडमध्ये म्हणाले, ‘मिलिटरी आली. गळा धरला. छाती, कंबर, पाठ. फार आवळ.’ आणि हात जोडून खाली बसले.

साहेब भारावले. भाषणात म्हणाले, ज्यांनी आपल्या वीर जवानांचे गणवेश शिवले त्या थोर शिंप्याला माझा प्रणाम. पुढच्या वर्षीच्या छापील पत्रिकेत अप्पांच्या नावापुढं तेच आलं. अप्पांनी तो कागद चुलीत घातला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू साहेबांनाही मीच शिकवलं होतं.

ह्या सगळ्यात मास्टरची नात दरवर्षी बायकांच्या मागच्या रांगेत येऊन बसायची. बाकी बायका हसायच्या, ती हसायची नाही, रागवायचीही नाही. माझे ब्लाउज मी तिच्याकडंच टाकायची. एरवी असं चोख शिवायची की अंगावर आहे हे कळायचंसुद्धा नाही. पण झेंडावंदनानंतर जो पहिला ब्लाउज यायचा, त्याचा मुंढा हमखास आवळ. खडू घेऊन हात वर नेला की काखेत करकचायचं. सप्टेंबर ते दिवाळी मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायची. पोरांना वाटायचं, बाईंना वरचा भाग दिसत नाही. तीन वर्षं हे झाल्यावर मी तणतणत तिच्या दारात गेले. म्हटलं, ‘अगं, माप तेच, बाई तीच, मग हे काय?’

तिनं मशीन थांबवली नाही. म्हणाली, ‘धुतल्यावर कापड आटतंय, बाई.’

मी तो ब्लाउज घेऊन घरी आले. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. पण तेवढ्यानं पुढच्या सप्टेंबरात माझी जीभ सरळ झाली, असं काही नाही.

माझं निवृत्तीचं वर्ष आलं. अप्पा नव्वदीला टेकलेले, कान गेलेले, दोन माणसांनी धरून स्टेजवर चढवायला लागायचं. त्या सकाळी धोतर नेसताना ते म्हणाले, ‘औंदा तरी नीट सांग. फुडल्या साली मी असलो तर तू नसशील, तू असलीस तर मी नसन.’ मी हो म्हटलं. दरवर्षीच म्हणायची.

त्या वर्षी साहेबांच्या जागी एक तरुण बाई होत्या. नवीनच बदलून आलेल्या, साधी सुती साडी, बरोबर एक कारकून. आल्यापासून सगळ्यांशी कन्नडमध्ये बोलत होत्या. मी निर्धास्त.

अप्पा माइकला दोन्ही हातांनी धरून म्हणाले, ‘माजे दात मिलिटरीनं पाडले.’

आणि मी, दहा वर्षांच्या सरावानं, कन्नडमध्ये म्हणाले, ‘माझ्या वडिलांनी आपले दात देशाला अर्पण केले.’ मागून कुणीतरी ‘व्वा’ म्हणालं. बायकांची रांग हलायला लागली.

तेवढ्यात त्या बाई माझ्या माइककडं वाकल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, ‘बाई, ते मिलिटरी म्हणाले.’

आणि मग जे हसू फुटलं, ते शाळेच्या भिंतीपासून चावडीपर्यंत गेलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. हेडमास्तर झेंड्याच्या काठीकडं असं बघायला लागले की जणू तिच्यावर काही लिहिलंय. ढोलवाल्या पोरानं सवयीनं एक ठोका मारला आणि जीभ चावली. मी कुठं बघावं ते मला कळेना.

‘मी निपाणीची,’ बाई म्हणाल्या. ‘घरी मराठीच बोलतो. त्यांना पुरतं बोलू द्या. आणि तुम्ही जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगा, ह्यांना लिहून घ्यायचंय.’ कारकुनानं वही मांडीवर घेतली.

मी अप्पांच्या कानात ओरडले, ‘बोला, अप्पा. सगळं सांगते.’

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मग एकेक वाक्य टाकायला लागले, आणि मी ते उचलायला लागले. जिनिंगच्या आवारात दोनशे-तीनशे माणसं होती. उन्हात बसवायचे. पाणी एकदा द्यायचे. लुंगी दिसली की मारायचे, दाढी दिसली की मारायचे, उर्दू कागद सापडला की मारायचे. आन् आमच्याकडं तवा सगळे कागद उर्दूच, अप्पा म्हणाले, शिंप्याचं बी, भटाचं बी. लोक पुन्हा थोडे हसले. मीही हसत हसतच कन्नडमध्ये सांगितलं. इतकं हलकं वाटत होतं. खरं बोलणं एवढं सोपं असताना आपण अकरा वर्षं काय करत होतो, असंही मनात आलं. सदऱ्यांचा किस्सा आला. चाळीस जणांचा अर्धा सलाम अप्पांनी नव्वदाव्या वर्षी, दोन माणसांच्या आधारानं करून दाखवला आणि त्या साहेबबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मास्टरनं मुद्दाम आवळ कापले, हे कारकुनाच्या वहीत गेलं. मला वाटलं, झालं. अप्पांना हवं होतं ते झालं. मी मागच्या रांगेकडं पाहिलं. मास्टरची नात ताठ बसली होती.

अप्पांनी माइक सोडला नाही.

‘आठव्या दिशी खाकीचे तुकडे घिऊन मिलिटरीवाला आला,’ ते म्हणाले. मी सांगितलं. ‘आमाला उभं केलं. माज्या तोंडावर दस्ता हानला.’ मी सांगितलं. ‘इचारलं, वर्द्या कुनी शिवल्या.’ मी सांगितलं.

‘दोगांनी शिवल्या हुत्या. निम्म्या मी.’

हे मला माहीत होतं. तेही सांगितलं.

‘मी बोट दावलं. मास्टरकडं.’

मी थांबले. कारकुनाचं पेन वर होतं. सोपं वाक्य होतं, खरंच सोपं, त्यातला एकेक शब्द कन्नडमध्ये मला येत होता. पण तोंडातून निघेना. अकरा वर्षं मी ह्या माणसाला पहिल्या वाक्यावरच अडवत आले होते. मला वाटत होतं, ह्यांना मिलिटरीचं सांगायचंय. मिलिटरीचं सांगून झाल्यावर काय सांगायचंय, हे मी एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. घरीही नाही. तिथं ते पाणी प्यायचे आणि आम्ही ताटं उचलायचो.

‘सांग की,’ अप्पा म्हणाले.

मी सांगितलं. गावाला ते मराठीतच कळलं होतं, माझ्या कन्नडची कुणाला गरज नव्हती. कुणी हसत नव्हतं.

‘मास्टरनं माज्याकडं बगितलं,’ अप्पा म्हणाले. ‘आन् त्यास्नी म्हनाला, हौ साब, मैंच सिया. ये खाली काज-बटन करता. म्हंजे ह्यो नुसतं काज-बटन करतो. त्याला प्रेसच्या मागं नेलं. मला सोडलं. त्यानं मला सोडवलं आन् मी त्याला दिलं. शाली मला पांगरू नका.’

हेही मी जसंच्या तसं सांगितलं. कारकुनानं लिहिलं. साहेबबाई उभ्या राहिल्या होत्या.

मागच्या रांगेत मास्टरची नात उठली. ती स्टेजकडं आली नाही. जागेवरूनच बोलली, फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

‘आमाला ठावं हाय, अप्पा,’ ती म्हणाली. ‘आवारातनं सुटून आलेल्यांनी तवाच आज्जीला सांगितलं. तुमी कवा सांगताव म्हनून आज्जी वाट बगत ऱ्हायली, मंग अब्बा, आन् आता मी वाट बगायले.’

अप्पांना काही ऐकू आलं नाही. त्यांना फक्त ती उभी दिसत होती. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, ‘काय म्हनली ती?’

मी वाकले आणि त्यांच्या कानात ते सांगितलं, तिच्याच शब्दांत. आज्जी, मग अब्बा, आता ती.

‘काय?’ त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.